प्रयोगशाळेचं अनुदान थांबलं? कुलूप लागण्याआधी हे करून घ्या

आमची बोलीभाषांची डिजिटल प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा डेड स्टॉक रजिस्टरमधली, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतली, शेवटची खुर्चीसुद्धा जुळली. हरवलं ते भंडाऱ्याकडच्या एका आजींचं रेकॉर्डिंग. ते ज्या हार्ड डिस्कवर होतं, ती 'नादुरुस्त' असा शेरा मारून भंगारात गेली. त्या यादीवर सही माझी होती. पुढे आणखी दोन प्रकल्प मिटताना मी सगळा कारभार सांभाळला. त्यातून जे शिकले ते इथे लिहितेय.

सरकारी पैसा एका दिवसात बंद होत नाही, आधी हप्ता लांबतो. तो लांबला की त्याच आठवड्यात आवराआवर सुरू करा. डब्लिनची मीडिया लॅब युरोप आयर्लंड सरकार आणि अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ यांनी २००० साली उभी केली. पुढच्या पैशांवर दोघांचं एकमत झालं नाही आणि जानेवारी २००५ मध्ये ती मिटली. इतक्या मोठ्या नावांची लॅब पाच वर्षांत बंद होते, मग आपल्या तीन वर्षांच्या मंजुरीपत्राचं काय घेऊन बसलात? मुदतवाढीचा अर्ज जरूर करा. पण बिनपैशांच्या मुदतवाढीत फक्त तारीख पुढे जाते. शिल्लक रक्कम नसेल तर पगार निघत नाहीत आणि मुलं दुसरी नोकरी धरतात.

म्हणून आधी माणसं. प्रत्येक प्रकल्प सहायकाजवळ एक अख्खा दिवस बसा. कोणत्या फोल्डरमध्ये काय आहे, 'फायनल', 'फायनल२' आणि 'नवीन फायनल' यांतली खरी फाइल कोणती, हे त्याच्याकडून बोलून घ्या आणि स्क्रीनसकट रेकॉर्ड करा. वेबसाइटचं डोमेन कोणाच्या खासगी ईमेलवर घेतलंय तेही विचारा. तो मुलगा गेल्यावर नूतनीकरणाची सूचना त्यालाच जाते, आपल्याला पत्ताही लागत नाही.

मग डेटाची मोजदाद. आपल्या सरकारी नोंदवहीत किंमत असलेली वस्तूच दिसते. डिस्कची नोंद होते, डिस्कवरच्या आवाजाची होत नाही. माझ्या मते सगळं नुकसान इथूनच सुरू होतं. मी आता प्रत्येक डिस्क आणि पेन ड्राइव्हपुढे 'आशय' असा रकाना हाताने आखते. त्यात किती तास, कोणतं गाव, दुसरी प्रत कुठे, एवढं लिहिते. हा रकाना रिकामा असेल तर निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकायच्या वस्तूंच्या, यादीवर सही करायची नाही.

मराठी मजकुराला सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा. २००५-०६ पर्यंतचं बहुतेक टंकन श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा जुन्या फाँटमध्ये असतं. फाँट नसेल तर फाइल उघडते, पण समोर नुसती चिन्हं दिसतात. त्यामुळे जो जुना कॉम्प्युटर तो फाँट अजून दाखवतो, तो शेवटपर्यंत बंद करू देऊ नका. त्यावरूनच आधी प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, मग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या लिपीसंकेतात, रूपांतर करा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, रफार सरकतो. आणि आपला अर्धा र तर हमखास पडतो. आमच्या एका मुलाखतीत 'दऱ्या'चं 'दर्या' झालं होतं. आजोबा डोंगरातल्या दऱ्यांबद्दल सांगत होते आणि मजकुरात समुद्र आला होता. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले सगळे शब्द वेगळे काढून माणसाकडून तपासून घ्या, यंत्रावर सोडू नका.

ठेवायचं कुठे? संस्थेच्या सर्व्हरवर एक प्रत असू दे, पण तेवढ्यावर थांबू नका. ब्रिटनमधली आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज डेटा सर्व्हिस तर इतरांचा डेटा जपण्यासाठीच होती. २००८ च्या मार्चनंतर तिचंच अनुदान बंद झालं. त्यातली पुरातत्त्वाची शाखा यॉर्क विद्यापीठात चालू राहिली. युरोपातली अणुसंशोधन संस्था सर्न चालवते त्या झेनोडो या संशोधन-डेटाच्या ऑनलाइन साठ्यावर एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फुकट ठेवता येतं, कायमचा क्रमांक मिळतो आणि फाइल मर्यादित लोकांसाठीही ठेवता येतात. ही शेवटची सोय महत्त्वाची. ज्या बाईने घरातलं दुःख सांगितलं, तिने ते जगासाठी सांगितलं नव्हतं. संमतीपत्र वाचा, नसेल तर तिला फोन करा. प्रोग्रामचा कोड सॉफ्टवेअर हेरिटेज या कोड जपणाऱ्या संग्रहाकडे द्या. आणि तुमच्यासारखंच काम करणारी माणसं शोधा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात जमलेल्या १ लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या हाती आहेत, म्हणून त्या अजून लोकांपर्यंत पोहोचतायत.

हिशेबाचं थोडक्यात सांगते. केंद्राचं अनुदान असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-ए नमुन्यात द्यावं लागतं. अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज आपलं नसतं, ते सरकारजमा करायचं. अनुदानातून घेतलेली यंत्रं मंजुरी देणाऱ्या खात्याच्या परवानगीशिवाय विकता किंवा काढून टाकता येत नाहीत. परवानगी मागणारं पत्र लवकर धाडा, उत्तराला महिने लागतात.

किल्ली परत करायच्या आदल्या दिवशी प्रत काढलेली डिस्क घरी न्या. प्रयोगशाळेशी कधीच जोडला नव्हता अशा कॉम्प्युटरला ती लावा आणि कुठल्याही दहा फाइल उघडा. नुसतं नाव पाहून पुढे जाऊ नका, आवाज शेवटच्या सेकंदापर्यंत ऐका. अर्धवट उतरलेली फाइलही सुरुवातीला नीट वाजते.