टाकीत तेल किती आहे ते बघा

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या, शाकारलेल्या घरांच्या एका खेड्यात आम्हाला बारा वर्षं झाली. आसपास नोकरीला येणारी नवी मराठी कुटुंबं घर ठरलं की आधी फोटो पाठवतात. त्यात छप्पर असतं, दारावरचा गुलाब असतो. परसातली हिरवी टाकी नसते. मी टाकीचंच विचारतो.

अशा बऱ्याच खेड्यांत पाइपचा गॅस पोचलेलाच नाही. घर तापतं ते रॉकेलवर. इथे त्याला हीटिंग ऑइल म्हणतात, एवढंच. टँकरवाले सहसा 500 लिटरच्या खाली येत नाहीत आणि थंडीत आठवडाआठवडा वाट बघायला लावतात. आमची टाकी पहिल्याच वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी कोरडी पडली. तळाचा गाळ आणि हवा नळीत शिरली. म्हणजे नंतर तेल भरलं तरी मिस्त्री येऊन हवा काढेपर्यंत बॉयलर पेटत नाही. सुट्टीत ना टँकर, ना मिस्त्री. चार दिवस चौघं एका खोलीत, एका विजेच्या हीटरसमोर. तातडीचा दर, मिस्त्रीचं बिल... त्या महिन्याचा पगार तिथेच जिरला.

खरी चपराक पुढेच होती. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, "नोव्हेंबरात सगळ्यांनी मिळून तेल मागवलं, स्वस्तात. तुम्ही कधी दिसला नाहीत, वाटलं नको असेल." ठरलं होतं पबात. आम्ही पीत नाही म्हणून तिथे पाऊलच टाकलं नव्हतं. अहो, पब म्हणजे गावचा पार! लिंबू सरबत मागा, कोणी हसत नाही. पण जा.

आणि टाकी बघा. दर रविवारी. ऑगस्टमध्येसुद्धा.

भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून 12 महिनेच चालतं. बसच्या भरवशावर राहू नका. एका गाडीपुरत्या गल्ल्यांमध्ये समोरच्यासाठी गाडी मागे घ्यावी लागते, आणि कोणी तुमच्यासाठी घेतली तर हात वर करायचा. हात न करणाऱ्याची गाडी गावाच्या लक्षात राहते. सेप्टिक टँक असेल तर तळणीचं तेल सिंकमध्ये नको. घर 'लिस्टेड', म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत असेल तर त्याचं रूप बदलणारं काम, अगदी खिडकी बदलणंसुद्धा, परवानगीशिवाय केलं तर फौजदारी गुन्हा. याच परगण्यात 1780 च्या सुमारास एका लॉर्डने वाड्यासमोरचं दृश्य बिघडतं म्हणून अख्खं गाव पाडलं आणि पलीकडच्या दरीत मिल्टन ॲबस वसवलं. आज त्याच घरांच्या जपणुकीचे नियम आपल्याला ऐकवतात.

आपल्यातले काहीजण दर शनिवारी लंडनच्या साउथॉलला, तिथल्या भारतीय बाजारात पळतात आणि परत येऊन "इंग्रज माणूसघाणे" म्हणतात. कोथिंबिरीसाठी तीन तास गाडी हाकू नका, कुंडीत लावा. शनिवारी गावच्या हॉलमध्ये केक विकायला उभे राहा. आमच्या हिच्या नारळाच्या वड्या आधी कोणी उचलल्या नाहीत. आता अकराच्या आत संपतात.

पॅरिश कौन्सिल, 1894 च्या कायद्याने आलेली ही छोटी ग्रामपंचायत, कंटाळवाणी असते. खड्डे, कुत्र्यांची घाण, कोणाचं तरी कुंपण. तरी मागच्या बाकावर बसा. यंदाच्या तेलाची तारीख मला तिथेच कळली.