‘शिवॉनहादा’ला नुसतं गार समजू नका

कोरियन शब्द पाठ करताना मी वहीत लिहिलं होतं : शिवॉनहादा म्हणजे गार. आठवडाभरातच मालिकेतल्या एका आजोबांनी वाफाळतं सूप ओरपलं आणि डोळे मिटून म्हणाले, ‘आ, शिवॉनहादा!’ मला वाटलं, सबटायटलवाल्याने घोळ घातला.

आधी उच्चार. ‘वॉ’ डॉक्टरमधल्या ‘डॉ’सारखा. हादा हे मूळ रूप. समोरच्याशी आदराने बोलताना शिवॉनहेयो, आणि नामाआधी शिवॉनहान. शिवॉनहान मुल, गार पाणी. घाईत ‘ह’ विरतो आणि ‘शिवॉनेयो’ ऐकू येतं. तो वेगळा शब्द नाही.

आता अर्थ. हवेची थंडी बोचते तेव्हा छुप्ता. फ्रिजमधली बाटली हाताला लागते ते छागाप्ता. आणि जीव सुखावतो ते शिवॉनहादा. मे महिन्यात नागपुरात ४५ अंश चढतात, तेव्हा हे समजायला पुस्तक लागत नाही. कूलरला नवी खस लावली, मोटर सुरू केली, ओल्या वाळ्याचा वास घरभर झाला, की शिवॉनहेयो. ऑफिसात एसीच्या झोताखाली मी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसते, तिथे मात्र छुवॉयो. गार दोन्हीकडे आहे, पण सुख एकीकडेच.

हे सुख मोकळं झाल्याचं आहे, म्हणून ते गरम सूपलाही चालतं. मोड आलेल्या सोयाबीनचं खोंगनामुलगुक तिकडे रात्रीची दारू उतरवायला सकाळी पितात. ते घशाखाली उतरलं की शिवॉनहादा. मी उत्साहाने हा शब्द सावजी रश्श्याला लावला. शिकवणाऱ्या बाईंनी खोडला. तिखट चालेल म्हणाल्या, पण एवढी तर्री नको. सूप पातळ हवं, पिऊन पोट हलकं वाटायला हवं. म्हणजे आपलं टमाट्याचं सार धरा.

पाठ खाजवून घेतली, मालिश झाली, तरी हाच शब्द. पोटात ठेवलेलं एकदाचं बोलून टाकलं, तर ‘सोगी शिवॉनहेयो’. सोक म्हणजे आतलं, पोट किंवा मन. उलट ‘शिवॉनछान्था’ ऐकलं तर छान समजू नका. ते ‘काही खास नाही’ आहे. मी एकदा खूश होऊन बसले होते.

सगळ्यात आवडता जोडशब्द शिवॉनसॉप्सॉफादा. सॉप्सॉप म्हणजे चुटपुट, हुरहुर. सुटलो बाई वाटतं आणि करमतही नाही, तेव्हाचा. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली. तिची खोली आवरली, पसारा नाही, बाथरूमपुढे भांडण नाही. तिला तेवढा एकच शब्द पाठवला. ती माझ्यासोबत कोरियन शिकायला बसली होती, चौथ्या धड्यावर उठली.

तिचं उत्तर आलं, ‘लावला का कूलर?’