पुण्यात भाड्यासाठी फ्लॅट घेताय? या चुका टाळा

राहत्या घराचं कर्ज आटोक्यात आलं की पुण्यातल्या कितीतरी घरांत एकच विषय निघतो. अजून एक टू बीएचके घेऊ, भाड्याने देऊ, हप्ता भाड्यातून सुटेल. दुसरं घर घेण्यात गैर काही नाही. पण हिशेब न मांडता घेतलेला फ्लॅट दर महिन्याला पगारातून पैसे खात राहतो, आणि मालक मात्र 'भाव वाढतोय ना' म्हणून समाधान मानतो. भाव किती वाढला ते विकाल तेव्हा कळेल. भाड्याचा फ्लॅट हा धंदा आहे, आणि तो वर्षाअखेरीस हातात काय उरलं यावरच मोजायला हवा.

हप्ता भाड्यातून सुटतो, हे गृहीत धरणं

आकडे मांडूनच बघू. समजा खराडीत तयार टू बीएचके ९० लाखांना घेतला. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. (खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत आहे, ती सोडू नका.) नोंदणी फी ३० हजार. कपाटं, पंखे, गीझर, किचन ट्रॉली धरून आणखी तीन-साडेतीन लाख. म्हणजे फ्लॅट पडला एक कोटीला. बांधकाम सुरू असलेला घेतला असता तर ५ टक्के जीएसटी वेगळा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला तो लागत नाही.

भाडं ३२ हजार धरा, म्हणजे वर्षाचे ३ लाख ८४ हजार. त्यातला एक महिना फ्लॅट रिकामा जाणार, ३२ हजार गेले. एजंटची अर्ध्या महिन्याची दलाली १६ हजार. मेंटेनन्स महिना ४ हजारांप्रमाणे ४८ हजार, तो सहसा मालकच भरतो. मिळकतकर अंदाजे २५ हजार. रंग, नळ, गळती, बिघडलेला गीझर यांचे सरासरी २० हजार. उरले २ लाख ४३ हजार. एक कोटीवर हे अडीच टक्केही होत नाहीत, आणि यातून प्राप्तिकर अजून जायचाय.

आता कर्जाकडे बघा. ७० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत, तर हप्ता येतो साधारण ६० हजार ७००. वरचे खर्च वजा जाता भाड्यातून त्याचा तिसरा भागच निघतो. उरलेले चाळीसएक हजार दर महिन्याला, नोकरी गेली तरी, घरात आजारपण आलं तरी, तुम्हालाच भरायचेत. हे झेपणार असेल तर जरूर घ्या, पण झेपतंय का ते बुकिंगचा चेक फाडायच्या आधी ठरवा.

करात सूट मिळेल या भरवशावरही राहू नका. नव्या करपद्धतीत भाड्याच्या घराचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं, पण त्यापुढचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्या पद्धतीत तो वर्षाला २ लाखांपर्यंत करता येतो. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा जाऊन उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट दोन्हीकडे मिळते. तुम्ही कुठल्या पद्धतीत आहात ते पाहूनच गणित मांडा.

एकाच महिन्यात ताबा मिळणाऱ्या चारशे फ्लॅटपैकी एक घेणं

ही चूक सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात येते, आणि हिचा फटका मोठा असतो. मोठ्या प्रकल्पात तीन-चार टॉवरचा ताबा एकदम मिळतो. त्यातले बरेच फ्लॅट गुंतवणूकदारांनी घेतलेले असतात. सगळ्यांचे हप्ते सुरू झालेले, सगळ्यांना भाडेकरू याच महिन्यात हवा. मग २८ हजारांचा फ्लॅट २४ वर येतो, कारण शेजारच्या विंगमधला मालक २३ ला तयार आहे. पुढे करार संपतील तेही एकाच सुमारास, म्हणजे वर्षाने पुन्हा तीच गर्दी.

घ्यायच्या आधी बिल्डरच्या माणसाला नाही, गेटवरच्या सिक्युरिटीला आणि परिसरातल्या दोन-तीन एजंटांना विचारा: आत्ता या सोसायटीत किती फ्लॅट रिकामे आहेत, आणि गेल्या महिन्यात किती भाड्याला गेले? जाहिरातीत दिसतं ते मालकाला हवं असलेलं भाडं. मिळालेलं भाडं वेगळं असतं. एजंटला एकदा 'मला भाड्याने घ्यायचाय' म्हणून आणि एकदा 'मला भाड्याने द्यायचाय' म्हणून विचारा. दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी खरं भाडं सापडतं. विक्रीचा भाव पडताळायचा असेल तर त्याच इमारतीतल्या आधीच्या व्यवहारांचा इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघता येतो.

माझं मत विचाराल तर भाड्यासाठी पाच-सात वर्षं जुनी, सोसायटी स्थापन झालेली, राहत्या कुटुंबांची इमारत बरी. जीएसटी नाही, पाण्याची आणि लिफ्टची अवस्था डोळ्यांना दिसते, भाडं किती येतं ते आधीच माहीत असतं.

मेट्रोच्या नकाशावर आणि एकाच कंपनीच्या गेटवर भिस्त ठेवणं

माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. त्यानंतर मुदत किती वेळा पुढे गेली ते हिंजवडीत रोज गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. 'मेट्रो सुरू झाली की भाडं वाढेल' म्हणून आज जास्त भाव मोजलात, तर मधल्या वर्षांचं व्याज कोण भरणार? भाडेकरू आजच्या रस्त्याचे पैसे देतो. सोमवारी सकाळी नऊ वाजता त्या फ्लॅटवरून ऑफिसपर्यंत स्वतः जाऊन बघा, आणि जमलं तर भर पावसातही.

२०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा हिंजवडी-वाकड पट्ट्यातले फ्लॅट धडाधड रिकामे झाले, मुलं सामान बांधून गावी गेली. ऑफिसं परत भरली तशी भाडीही चढली, पण मधला काळ ज्यांनी दोन-दोन हप्ते भरत काढला ते विसरलेले नाहीत. कॉलेज, हॉस्पिटल, बाजारपेठ, एकाहून अधिक कंपन्या असा मिश्र परिसर अशा वेळी तगतो. कोथरूड, कर्वेनगर, विमाननगर इथे भाव जास्त वाटतो खरा, पण भाडेकरू एकाच धंद्यातले नसतात.

उन्हाळ्यातलं पाणी न तपासणं

महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. हद्द वाढली म्हणून पाइपातून पाणी आलं असं नाही. वाघोली, उंड्री आणि आसपासच्या अनेक सोसायट्या अजून टँकरवर आहेत. फ्लॅट दिवाळीत बघितला तर नळाला धो-धो पाणी असतं. सोसायटीच्या ऑफिसात एप्रिल-मे महिन्यांचा खर्च दाखवा म्हणा आणि त्यातली टँकरची ओळ बघा. तो खर्च पुढे मेंटेनन्समधून तुमच्याकडेच येतो, आणि पाण्याला कंटाळलेला भाडेकरू अकरा महिने पुरे होताच निघून जातो.

नोटरीवर करार उरकणं

पाचशेच्या स्टँपवर करार, नोटरीचा शिक्का, झालं काम. हा समज अजून जात नाही. ११ महिन्यांचा असला तरी लीव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ मध्ये आहे. ही जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी अडचण पुढे येते. वाद झाला तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, आणि ते खोटं ठरवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

खर्च तरी किती? ३२ हजार भाडं, १ लाख डिपॉझिट, २४ महिने. एकूण भाडं ७ लाख ६८ हजार, त्यात डिपॉझिटचे वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे २० हजार मिळवा, आणि ७ लाख ८८ हजारांवर पाव टक्का काढा: १,९७० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. ऑनलाइन नोंदणी करणारा घरी येऊन दोघांचे अंगठे घेतो, त्याची फी वेगळी. एवढ्या पैशांसाठी एक कोटीची मालमत्ता टांगणीला लावू नका.

करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही भाडेकरू हलत नसेल, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवा. वीजमीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ किल्ली देतानाच काढून ठेवा, म्हणजे डिपॉझिट परत करताना भांडण होत नाही.

सोसायटी आणि महापालिकेचे नियम न विचारणं

फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सहकारी सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण किती घ्यायचं याला मर्यादा आहे. महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या १० टक्के, त्याहून जास्त नाही. १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. कमिटी दुप्पट मेंटेनन्स मागत असेल तर आधी लेखी हरकत द्या, मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. बॅचलर मुलामुलींना जागा द्यायला कमिटीची कुरकुर आहे का, तेही खरेदीआधीच विचारा.

पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते, भाड्याने दिलेल्या घराला नाही. आधीच्या मालकाचं सवलतीचं बिल बघून हिशेब केलात तर चुकेल. वाकड, रावेत भाग पिंपरी-चिंचवडमध्ये येतो, तिथली आकारणी वेगळी आहे.

परदेशातल्या मालकांसाठी

अमेरिका-आखातातून पुण्यात फ्लॅट घेणारे बरेच आहेत. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूने आधी कर कापून भरायचा असतो, तोही तीस टक्क्यांच्या वर. हे आधी न सांगितल्याने मागाहून भाडेकरू अडचणीत येतो. कमी दराने कपातीचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून काढता येतो. चार्टर्ड अकाउंटंटला करार करायच्या आधीच गाठा.

फ्लॅट घेतलाय आणि रिकामा पडलाय

आधी कारण शोधा. लोक बघून जातात आणि फोन करत नाहीत, तर अडचण बहुधा घरात आहे. फॉल्स सीलिंग आणि महागडी वॉलपेपरची भिंत भाडेकरूला नको असते. त्याला डासांच्या जाळ्या, कपाटं, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनचा नळ आणि दुचाकीला जागा हवी. आदल्या पावसाळ्यातली ओल भिंतीवर दिसत असेल तर रंगाआधी गळती काढा.

बघायलाच कोणी येत नसेल तर अडचण भाड्यात आहे. ३२ हजारांवर अडून दोन महिने काढले तर ६४ हजार गेले. तेच भाडं दोन हजारांनी उतरवलं असतं तर वर्षभरात २४ हजार गेले असते.