वेल्टरवेटच्या महान बॉक्सरांची क्रमवारी लावताना या चुका टाळा

सातारा-कराडकडे पैलवानांची तुलना करताना माणसं फार काटेकोर असतात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव सहावे आले, पण मातीतला गडी पहिल्यांदाच मॅटवर उतरला होता, हे सांगितल्याशिवाय इथं कुणी पुढं बोलत नाही. तीच माणसं बॉक्सिंगचा विषय निघाला की मोबाइलवर हार-जितीचा आकडा बघून पहिले दहा सांगून मोकळी होतात. वेल्टरवेटमध्ये, म्हणजे 147 पौंडांच्या (66.68 किलो) गटात, हा उतावळेपणा फार नडतो.

नुसते पराभव मोजणं. फ्लॉइड मेवेदर 50 पैकी 50 लढती जिंकला, शुगर रे रॉबिन्सन 19 वेळा हरला, म्हणून मेवेदर वर. हा हिशेबच चुकीचा आहे. ते 19 पराभव एकेक उघडून बघा. रॉबिन्सननं पहिल्या 40 लढती जिंकल्या. 5 फेब्रुवारी 1943 ला डेट्रॉइटमध्ये तो जेक लामोटाकडून हरला. लामोटा मिडलवेट, म्हणजे 160 पौंडांच्या वरच्या गटातला, वजनानं सुमारे 16 पौंड जास्त. आठव्या राउंडमध्ये त्यानं रॉबिन्सनला दोरांबाहेर फेकलं. त्यानंतर 19 तारखेला रॉबिन्सन जॅकी विल्सनला हरवतो आणि 26 ला त्याच डेट्रॉइटमध्ये लामोटाला. एका महिन्यात तीन लढती! पुढचा पराभव थेट जुलै 1951 मध्ये रँडी टर्पिनकडून, तोही मिडलवेटमध्ये. म्हणजे वेल्टरवेटच्या काळात हार एकच, आणि तीही वरच्या गटातल्या माणसाकडून. बाकीचे बरेचसे पराभव चाळिशीच्या आसपासचे आहेत.

माझी सवय अशी: वहीत पाच रकाने आखायचे. तारीख, प्रतिस्पर्धी, दोघांचं वजन, ठरलेले राउंड, आणि त्या प्रतिस्पर्ध्यानं पुढच्या दोन वर्षांत काय केलं. 150 पौंडांच्या वरची लढत पेन्सिलनं बाजूला काढायची. शेवटचा रकाना भरायला वेळ जातो, पण खरं-खोटं तिथंच कळतं. तेवढा धीर नसेल तर क्रमांक देऊ नये.

12 आणि 15 राउंडांना एकच माप लावणं. 16 सप्टेंबर 1981, लास व्हेगास, शुगर रे लेनर्ड विरुद्ध टॉमी हर्न्स. तेराव्या राउंडमध्ये लेनर्डनं हर्न्सला खाली पाडलं, तरी त्या राउंडअखेर गुण देणाऱ्या तिन्ही पंचांच्या कागदावर हर्न्सच पुढं होता. चौदाव्यात रिंगणातल्या रेफरीनं लढत थांबवून लेनर्डला विजयी केलं. आजच्या 12 राउंडांत हर्न्स गुणांवर जिंकला असता. पण म्हणून त्याला विजयी धरू नका. लेनर्डनं 15 राउंडांच्या हिशेबानं दम राखला होता. 1982 मध्ये कोरियन बॉक्सर किम डुक-कूचा लढतीतल्या माराने मृत्यू झाल्यावर डब्ल्यूबीसी या किताब देणाऱ्या संघटनेनं 12 राउंड केले आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत बाकीच्या संघटनांनीही. मी लेनर्डला दुसरा आणि हर्न्सला पहिल्या पाचात ठेवतो, ते दोघांच्या त्या लढतीमुळंच.

वजन कधी झालं हे न बघणं. पूर्वी लढतीच्या दिवशीच काट्यावर उभं राहायचं. आता आदल्या दिवशी, मग रात्रभर पाणी आणि खाणं. रिंगणात उतरेपर्यंत दहा पौंड सहज भरून येतात. त्यामुळं आजच्या 147 वाल्यासमोर जुना 147 वाला थेट उभा करता येत नाही. हेन्री आर्मस्ट्राँगनं 1938 मध्ये बार्नी रॉसकडून किताब घेतला तेव्हा तो जेमतेम 133-134 पौंडांचा होता. माझ्याकडं तिसरा तोच.

दुसऱ्या गटातली कमाई इथं जमा करणं. रॉबिन्सनचे पाच मिडलवेट किताब, रॉबर्टो दुरानची लाइटवेटमधली (135 पौंड) हुकूमत, मॅनी पॅकियाओचे आठ गटांतले किताब, सगळं मोठं आहे, पण या यादीत नको.

बेल्ट मोजणं. रॉबिन्सनच्या वेळी किताब एकच, आणि तो मिळवायला त्याला डिसेंबर 1946 उजाडला. आता चार संघटना आहेत, प्रत्येकीचा बेल्ट वेगळा.

क्लिप बघून ठरवणं. रॉबिन्सनच्या वेल्टरवेट काळाचं चित्रण फार थोडं उरलंय. आपण बघतो तो बहुतेक मिडलवेट रॉबिन्सन, म्हणजे उतारावरचा.

नॉकआउटची टक्केवारी. सोडून द्या. कुणाला पाडलं ते बघा.

ताज्या विजयानं भारावणं. टेरेन्स क्रॉफर्डनं जुलै 2023 मध्ये एरॉल स्पेन्सला तीनदा पाडून नवव्या राउंडमध्ये संपवलं; ती लढत यादीत धरा. 2025 मध्ये कॅनेलो अल्वारेझला हरवलं ते 168 पौंडांत, ते वहीच्या दुसऱ्या पानावर.