चिप बिघडली म्हणण्याआधी या चुका टाळा

सिलिकॉनच्या चिपवर प्रकाश खेळवणाऱ्या, म्हणजे सिलिकॉन फोटोनिक्सच्या लॅबमध्ये कुणाचीही वही उघडा, एक वाक्य सापडेलच: 'डिव्हाइस स्थिर नाही.' माझ्या वहीत ते सलग तीन दिवस लिहिलेलं आहे. रिंग रेझोनेटर म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश साठवणारी चिपवरची कडी; त्या तरंगलांबीला आलेखात दरी पडते. माझी दरी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकायची आणि मी चिप बनवणाऱ्या फॅबच्या नावाने बोटं मोडायचो. चौथ्या दिवशी ध्यानात आलं की दरी ठरावीक मिनिटांनी मूळ जागी परत येते, आणि नेमकं त्याच सुमाराला भिंतीवरच्या एसीचा कॉम्प्रेसर खडखडतो.

हिशेब साधा आहे. १५५० नॅनोमीटरच्या आसपास सिलिकॉनची रिंग दर अंशाला ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर सरकते. रिंगचा क्यू (दरी किती अरुंद याचं माप) १०,००० असेल तर दरीची रुंदी सुमारे ०.१५ नॅनोमीटर. म्हणजे तापमान दोन अंश हललं की दरी स्वतःच्या रुंदीइतकी सरकली. क्यू एक लाख असेल तर ०.२ अंशही पुरे. म्हणून चिपखाली तापमान धरून ठेवणारा पेल्टिए हवाच, आणि त्याचा थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, चिपला जितका चिकटून असेल तितकं बरं. चिप ठेवायच्या स्टेजच्या कडेला बसवलेला थर्मिस्टर इमानदारीने स्टेजचंच तापमान सांगतो. स्टेज खोलीपेक्षा चार-पाच अंश गरम ठेवा. मुंबईत जुलैमध्ये वीज गेली, एसी बंद पडला आणि स्टेज २० अंशांवर राहिली, तर चिपवर चक्क दव जमतं.

पण एसीची चूक निदान एकदा कळली की सुटते. हीटरच्या चुका जास्त चिवट. प्रकाशाची वाट हवी तेव्हा बदलणाऱ्या बहुतेक सर्किटमध्ये हे काम वेव्हगाइडवरचा (प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक पट्टीवरचा) चिमुकला हीटर करतो. तो तापला की खालच्या प्रकाशलहरीचा टप्पा, म्हणजे फेज, बदलते. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या गटाने २०१७ मध्ये वेव्हगाइडच्या सात षट्कोनांची जाळी दाखवली होती. त्याच चिपवर सॉफ्टवेअर बदलून कधी फिल्टर, कधी आणखी काही. तीही अशाच हीटरांवर चालणारी. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या फोटोनिक्स केंद्राच्या तर नावातच 'प्रोग्रॅमेबल' आहे.

तर पहिली गोष्ट: हीटरला व्होल्टचं घेणंदेणं नसतं, वॅटचं असतं. फेज शक्तीच्या प्रमाणात बदलते आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या. ५ व्होल्टला पाय (π) फेज, म्हणजे अर्धी फेरी, मिळत असेल तर २.५ व्होल्टला पायचा अर्धा नव्हे, पाव मिळतो. व्होल्टेजच्या समान पायऱ्या घेऊन काढलेल्या आलेखाला सरळ साइन बसवली की ती बसत नाही, आणि विद्यार्थी 'नॉनलिनिअर वर्तन' असं शीर्षक देऊन मोकळा होतो. आडव्या अक्षावर मिलिवॅट टाका. तेही मोजलेला करंट गुणिले मोजलेलं व्होल्टेज, कारण धातूचा हीटर तापला की त्याचा रेझिस्टन्सही वाढतो.

दुसरी: शून्य व्होल्ट म्हणजे शून्य फेज नव्हे. माख-झेंडर स्विच प्रकाश दोन हातांत विभागून पुन्हा एकत्र आणतो; त्याचे दोन्ही हात कागदावर हुबेहूब सारखे असले तरी चिपवर नसतात. वेव्हगाइडच्या रुंदीत एका नॅनोमीटरचा फरक पडला तरी रिंगची तरंगलांबी साधारण एक नॅनोमीटर सरकते. दूरसंचाराच्या १०० गिगाहर्ट्झच्या ग्रिडवर दोन चॅनलमधलं अंतरच ०.८ नॅनोमीटर, यावरून अंदाज घ्या. त्यामुळे प्रत्येक स्विचचा 'शून्य' स्वतः शोधावा लागतो. शिवाय हीटर फेज फक्त वाढवतो. थोडं मागे यायचं असेल आणि हीटर आधीच बंद असेल, तर जवळजवळ पूर्ण फेरी मारूनच यावं लागतं. त्याचा वीजखर्च बजेटमध्ये धरलेला असतो का, हे मी प्रत्येक पोस्टरसमोर विचारतो आणि लोकांना ते आवडत नाही.

तिसरी चूक मला सगळ्यात रंजक वाटते. शेजारचा हीटर चालू केला की आपली रिंग हलते. सगळे म्हणतात, उष्णता झिरपली. असेलही. पण कोणत्या बाजूला हलली ते पाहिलंत का? उष्णता झिरपली तर दरी लांब तरंगलांबीकडे जाते. आपला हीटर व्होल्टेजवर चालू असताना दरी उलट, आखूड बाजूला सरकली, तर दोष ग्राउंडचा. अनेक हीटर एकाच ग्राउंड पॅडवर जोडलेले असतात. सगळ्यांचा करंट त्या बारीक तारेतून गेला की ग्राउंडच वर उचललं जातं आणि आपल्या हीटरच्या वाट्याला कमी व्होल्टेज येतं. आणखी एक खूण: उष्णतेचा त्रास अंतराबरोबर कमी होतो, ग्राउंडचा त्रास चिपच्या दुसऱ्या टोकालाही पोचतो. हीटर करंट सोर्सवर चालवले की ग्राउंडचा प्रश्न बहुतांशी मिटतो. उष्णतेसाठी मात्र कोणता हीटर कुणाला किती हलवतो याचा तक्ता करण्यावाचून गत्यंतर नाही. जाळीत शंभर हीटर असतील तर चहाचा थर्मास जवळ ठेवा.

दरी सुबक न दिसता एका बाजूला घसरगुंडीसारखी तिरकी दिसली, तर लेसरची पॉवर आधी १० डेसिबलने उतरवा. आकार बदलला तर रिंग स्वतःच्याच प्रकाशाने तापत होती. सिलिकॉन १५५० नॅनोमीटरला पारदर्शक आहे हे खरं, पण रिंगमध्ये प्रकाश साठून तीव्र झाला की दोन फोटॉन मिळून शोषले जातात. लेसरची तरंगलांबी उलट दिशेने फिरवली तर आलेख वेगळाच येतो, त्यावरूनही हा आजार ओळखता येतो. पॉवर उतरवूनही एका दरीच्या जागी दोन दऱ्या राहिल्या, तर कारण निराळं: वेव्हगाइडच्या खडबडीत कडांवरून प्रकाश उलटा फिरतोय. त्याला सेटअपमध्ये औषध नाही.

पोलरायझेशनबद्दल, म्हणजे प्रकाशलहर कोणत्या दिशेत डोलते याबद्दल, एवढंच, की फायबर टेबलाला चिकटपट्टीने चिकटवा. फायबरमधला प्रकाश चिपवर उतरवणारा ग्रेटिंग कपलर एकाच पोलरायझेशनचा प्रकाश नीट घेतो, आणि लोंबकळणारं फायबर कुणाच्या कोपराने हललं तरी पॉवर घसरते. कपलरचा स्वतःचा आलेखही घुमटासारखा असतो. शेजारी नुसत्या वेव्हगाइडचा संदर्भ-लूप मोजून तो वजा केल्याशिवाय डिव्हाइसचा लॉस कुणालाही सांगू नका.

स्विच 'गळतो' अशी तक्रार आली तर फेज पाहून झाल्यावर कपलर पाहा; वरचा ग्रेटिंग कपलर नव्हे, तर स्विचच्या दोन टोकांना प्रकाश विभागणारे आणि जोडणारे. त्यातला प्रकाश ५०:५० ऐवजी ५५:४५ विभागला जात असेल, आणि दोन्ही कपलर तसेच असतील, तर बार पोर्टवर (आत आला त्याच बाजूच्या तोंडावर) एक टक्का प्रकाश उरतोच. प्रकाश बंद करण्यात स्विच २० डेसिबलच्या पुढे जाणार नाही, हीटर कितीही फिरवा. ५२:४८ असेल तर २८ डेसिबलपर्यंत मजल जाते. माझ्या एका सहकाऱ्याने याच एका टक्क्यासाठी दोन आठवडे हीटरचा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा लिहिला होता.