कर्नलमध्ये स्वतःचा सिस्टम कॉल कसा घालायचा: एक्सव्ही६ वर, पहिल्यापासून

सिस्टम कॉलची (म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे काम मागायच्या पद्धतीची) व्याख्या परीक्षेला सगळेच लिहितात, पण कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, आत शिरून स्वतःचा एक तरी सिस्टम कॉल घालून बघितलेली मुलं फार कमी भेटतात, आणि आपल्या कोकणात तर अजूनच कमी, कारण कर्नल वगैरे म्हणजे पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांतल्या लोकांचं काम असा एक समज बसलाय. तसं अजिबात नाहीये. कुडाळला नाहीतर गुहागरला घरी बसून, जुन्या लॅपटॉपवर, पावसात रेंज येते-जाते तेवढ्या नेटवर हे होतं. फक्त सुरुवात लिनक्सच्या कर्नलवर करू नका, तो नुसता उतरवून बिल्ड करण्यातच उत्साह संपतो.

त्याऐवजी एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टम घ्या. एमआयटीने हा शिकवण्यासाठीच लिहिलाय, जुन्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर (ती १९७५ ची). हल्लीचा एक्सव्ही६ रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी आहे, तो प्रोसेसर तुमच्याकडे असायची गरज नाही, क्यूईएमयू त्याची नक्कल करतं. उबुंटू किंवा विंडोजमधलं डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालेल. गिट, क्यूईएमयू (७.२ किंवा पुढचं) आणि रिस्क-फाइव्हचा जीसीसी कंपायलर टाका, एक्सव्ही६ क्लोन करा, मेक क्यूईएमयू म्हणा, डॉलरचं चिन्ह दिसलं की तुमचं कर्नल चालू झालं. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स. फाइलींची आणि फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

कोडला हात लावायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं कॉपी-पेस्ट होईल. यूजर प्रोग्राम कर्नलचं फंक्शन थेट बोलावू शकत नाही. तो ए७ रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी साठवणीची जागा) एक नंबर ठेवतो, आर्ग्युमेंट्स ए० पासून पुढच्या रजिस्टरांत ठेवतो आणि ईकॉल ही इन्स्ट्रक्शन चालवतो. राजपुरीहून होडीने जंजिऱ्याला गेलात तर किल्ल्यात शिरायला पर्यटकांना जसा तो एकच दरवाजा, होडी तिथेच लागणार, तसंच इथे: ईकॉल झाला की प्रोसेसर स्टीव्हेक रजिस्टरमध्ये कर्नलने आधीच लिहून ठेवलेल्या एकाच पत्त्यावर उडी मारतो, प्रोग्रामला दुसरीकडून घुसता येत नाही. प्रोसेसर स्वतः मात्र फारच थोडं करतो. जुना प्रोग्राम काउंटर (प्रोग्राम कुठल्या इन्स्ट्रक्शनवर होता तो पत्ता) एसईपीसीमध्ये ठेवतो, एसकॉजमध्ये ८ लिहितो (म्हणजे यूजर मोडमधून आलेला ईकॉल), इंटरप्ट बंद करतो आणि सुपरव्हायजर मोडमध्ये जातो. बाकीची रजिस्टरं वाचवत नाही, स्टॅक बदलत नाही, पेज टेबलसुद्धा (कुठला पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे हे सांगणारा तक्ता) बदलत नाही. ते सगळं ट्रॅम्पोलिन डॉट एस मधला थोडासा असेम्ब्ली कोड करतो: यूजरची ३१ रजिस्टरं ट्रॅपफ्रेममध्ये (त्यासाठीच राखून ठेवलेल्या मेमरीत) ठेवतो, कर्नलचा स्टॅक घेतो, पेज टेबल बदलतो. पेज टेबल बदलत असताना पायाखालचा कोडच गायब होऊ नये म्हणून ते ट्रॅम्पोलिनचं पान यूजर आणि कर्नल दोन्ही टेबलांत एकाच पत्त्यावर लावलेलं असतं. ही फाइल एकदा शांतपणे वाचा, छोटीच आहे, आणि इतकी विचारपूर्वक लिहिलेली आहे की वाचताना खरंच आनंद होतो.

तिथून गाडी ट्रॅप डॉट सी मधल्या यूजरट्रॅपमध्ये येते. तिथे ८ बघितला की साठवलेल्या काउंटरमध्ये ४ मिळवतात, कारण ईकॉल ४ बाइटची आहे आणि परत जाताना तिच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनवर जायचंय, हे केलं नाही तर प्रोग्राम तोच ईकॉल पुन्हा पुन्हा करत बसेल. मग सिसकॉल हे फंक्शन ए७ मधला नंबर बघतं, नंबर टेबलाच्या हद्दीत आहे आणि तिथे खरंच फंक्शन आहे असं तपासतं, ते चालवतं आणि जे उत्तर येईल ते ट्रॅपफ्रेमच्या ए० मध्ये ठेवतं. नंबर चुकीचा असेल तर ए० मध्ये उणे १.

आता आपला कॉल. नाव ठेवू मोजणी. या प्रोसेसने आत्तापर्यंत किती सिस्टम कॉल केले तो आकडा यूजरने दिलेल्या पत्त्यावर लिहून द्यायचा. नुसता रिटर्न करूनही देता आला असता, पण मुद्दाम पत्त्यावर लिहितोय, कारण हँडलर (कॉल आल्यावर कर्नलमध्ये चालणारं आपलं फंक्शन) लिहिण्यातलं खरं काम तिथेच आहे.

आधी कंटाळवाणा भाग उरकून घ्या. कर्नल फोल्डरमधल्या सिसकॉल डॉट एच मध्ये नवा नंबर द्यायचा, मूळ कोडमध्ये शेवटचा क्लोज २१ वर आहे म्हणून आपला २२. सिसकॉल डॉट सी मध्ये दोन ठिकाणी भर: वर एक्सटर्नची ओळ आणि खाली टेबलात नोंद. यूजर फोल्डरमध्ये यूजर डॉट एच ला प्रोटोटाइप (इंटचा पॉइंटर घेतो, इंट देतो), आणि यूसिस डॉट पीएल मध्ये एन्ट्रीची एक ओळ. ही पर्ल फाइल तुमच्यासाठी तीन ओळींचं असेम्ब्ली बनवते: ए७ मध्ये २२ घाला, ईकॉल करा, परत या. यातली एखादी जागा सुटली तर कुठे काय होतं ते लक्षात ठेवा, यूसिसची सुटली तर लिंक होताना ओरडेल, टेबलातली सुटली तर बिल्ड व्यवस्थित होईल आणि चालवताना अननोन सिस कॉल असा मेसेज येईल.

मोजायला जागा हवी. प्रॉक डॉट एच मधल्या स्ट्रक्ट प्रॉकमध्ये एक इंट वाढवा, प्रॉक डॉट सी मधल्या अलॉकप्रॉकमध्ये तो शून्य करा (हे विसरू नका, तीच स्ट्रक्ट पुढच्या प्रोसेसला परत वापरली जाते आणि मग आधीच्याचा आकडा पुढे चालू राहतो), आणि सिसकॉल फंक्शनमध्ये हँडलर बोलावण्याच्या आधी तो एकने वाढवा.

आता हँडलर, सिसप्रॉक डॉट सी मध्ये. फंक्शनला स्वतःला काहीच आर्ग्युमेंट नसतात, ती ट्रॅपफ्रेममध्ये पडलेली असतात, म्हणून अर्गअ‍ॅडर वापरून शून्यावं आर्ग्युमेंट एका ६४ बिटच्या व्हेरिएबलमध्ये घ्या. हा यूजरने दिलेला पत्ता. इथे थांबा, कारण इथेच जवळपास प्रत्येकाचा हात त्या पत्त्याला पॉइंटर समजून थेट लिहायला जातो. तसं कधीच करायचं नाही. या क्षणी कर्नलचं पेज टेबल चालू आहे, यूजरचा पत्ता यूजरच्या टेबलात अर्थपूर्ण आहे, कर्नलच्या टेबलात तिथे एकतर काहीच नाही किंवा भलतंच काहीतरी आहे. यूजरने आपल्या स्टॅकवरचा अगदी प्रामाणिक पत्ता दिला तरी थेट लिहिल्यावर कर्नल पॅनिक होतं (म्हणजे मेसेज देऊन बंद पडतं), एसकॉजमध्ये हेक्स एफ म्हणजे १५ दिसतो, स्टोअर पेज फॉल्ट. ही झाली चांगली बाजू, निदान कळतं तरी. वाईट बाजू अशी की क्यूईएमयूच्या या मशीनमध्ये रॅम हेक्स ८००००००० पासून सुरू होते आणि कर्नलच्या टेबलात ती जशीच्या तशी लावलेली आहे. सुरुवातीला कर्नलचा कोड, त्यावर लिहिता येत नाही, पण त्याच्या पुढे कर्नलचा डेटा, त्यावर येतं. कोणी मुद्दाम तिथला पत्ता दिला तर तुमचा हँडलर कर्नलचाच डेटा गुपचूप खराब करून देईल आणि वर शून्य रिटर्न करेल.

म्हणून कॉपीआउट. त्याला प्रोसेसचं पेज टेबल द्या, यूजरचा पत्ता द्या, आपल्या आकड्याचा पत्ता आणि साइज द्या. ते यूजरच्या टेबलात पान शोधतं, पान यूजरचं आहे का, लिहायची परवानगी आहे का ते बघतं, आणि नसेल तर उणे १. तुम्हीही मग उणे १ रिटर्न करा, नाहीतर शून्य. यूजरकडून वाचायचं असेल तेव्हा कॉपीइन, आणि ते एकदाच. एकदा वाचून तपासलं आणि वापरताना परत यूजरच्याच मेमरीतून वाचलं तर मधल्या वेळात तिथली किंमत बदललेली असू शकते, थ्रेड आणि शेअर्ड मेमरी असलेल्या खऱ्या सिस्टमांत या एका सवयीने कितीतरी भोकं पडलीयत.

टेस्टचा छोटा प्रोग्राम लिहा, मेकफाइलच्या यूप्रॉग्समध्ये त्याचं नाव घाला. मोजणी बोलवा, मग प्रिंटएफने मालवण आणि नवी ओळ छापा (हो, देवनागरीत), परत मोजणी बोलवा, आणि दोन्ही आकडे शेवटी छापा. पहिला आकडा ३ आला पाहिजे. १ का नाही? शेल आधी फोर्क करतो, म्हणजे स्वतःची प्रत असलेली नवी प्रोसेस बनवतो, तिथे नव्या प्रोसेसची मोजणी शून्यापासून सुरू होते, मग ती नवी प्रोसेस कमांड पार्स करायला मॅलॉक करते त्यात एक एसबीआरके (कर्नलकडे जास्त मेमरी मागणारा कॉल), मग एक्झेक (त्याच प्रोसेसमध्ये आपला प्रोग्राम चढवणारा कॉल), आणि तिसरी आपली मोजणी. एक्झेकने प्रोसेस तीच राहते म्हणून आकडा पुसला जात नाही. दुसरा आकडा २०. एक्सव्ही६ चा प्रिंटएफ एकेक बाइटला वेगळा राइट करतो, मालवण ही पाच युनिकोड चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट म्हणजे १५, नवी ओळ १, आणि आपली दुसरी मोजणी १, ३ मध्ये १७ मिळवा. आपल्या गावाचं नाव कर्नलच्या दरबारात किती वेळा हजेरी लावतं ते असं डोळ्याने दिसलं की लिनक्समध्ये आउटपुट बफर का करतात, म्हणजे साठवून एकदम का पाठवतात, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग खोटे पत्ते देऊन बघा, ही टेस्ट टाळू नका. हेक्स ८००००००० द्या, उणे १ यायला हवा आणि कर्नल शांत राहायला हवं. शून्य पत्ता पण द्या, पण एक ध्यानात घ्या, एक्सव्ही६ मध्ये यूजर प्रोग्रामचा कोड शून्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे ते पान अस्तित्वात असतं, हल्लीच्या कॉपीआउटला तिथे लिहायची परवानगी दिसत नाही म्हणून तो नकार देतो. शेवटी यूजरटेस्ट्स चालवा, त्याला वेळ लागतो, लागू द्या, ऑल टेस्ट्स पास्ड आलं म्हणजे बाकीचं काही मोडलेलं नाही.

यानंतर लिनक्सचा कोड उघडलात तर सगळी मंडळी ओळखीची वाटतील. ६४ बिट एक्स८६ वर ईकॉलच्या जागी सिसकॉल इन्स्ट्रक्शन, नंबर आरएएक्समध्ये, कॉपीआउटच्या जागी कॉपी टू यूजर, खोट्या पत्त्याला उणे १४ आणि अनोळखी नंबरला उणे ३८. चौथं आर्ग्युमेंट मात्र नेहमीच्या फंक्शनसारखं आरसीएक्समध्ये नसून आर१० मध्ये असतं, कारण सिसकॉल इन्स्ट्रक्शन परतीचा पत्ता आरसीएक्समध्येच लिहिते आणि तिथलं जे काही होतं ते गेलेलं असतं.