नलसेकमधली सिस्टीम घ्यायची कशी, राखायची कशी

ईव्ह ऑनलाइन या अंतराळ-खेळातल्या नलसेकच्या (सिक्युरिटी ०.० किंवा त्याखाली असलेल्या भागाच्या) नकाशात प्रत्येक अलायन्सचा, म्हणजे खेळाडूंच्या कंपन्यांच्या युतीचा, रंग वेगळा असतो. ज्याच्याकडे टायटन (सर्वात मोठी जहाजं) जास्त त्याचा रंग जास्त पसरणार, असं नव्या खेळाडूला वाटतं. टायटन लागतातच. पण जुलै २०१५ पासून सोव्हचा, म्हणजे सिस्टीमवरच्या (एका ताऱ्याभोवतीच्या प्रदेशावरच्या) ताब्याचा, निकाल दोन गोष्टींवर लागतो: तिथे रोज कोण राबतं आणि ठरलेल्या वेळी कोण हजर राहतं. त्यामुळे जहाजांच्या फिटिंगआधी वेळेचं गणित शिकलेलं बरं.

सिक्युरिटी ०.० किंवा त्याखाली असलेली प्रत्येक सिस्टीम जिंकता येतेच असं नाही. सिंडिकेट, कर्स, स्टेन हे प्रदेश एनपीसींचे, म्हणजे खेळच चालवत असलेल्या पात्रांचे. तिथे तळ ठोकून शेजाऱ्यांवर छापे घाला, पण तिथे तुमचं नाव लागणार नाही. वर्महोलपलीकडच्या सिस्टीममध्येही सोव्ह नसतं. उरलेल्या सिस्टीमवर हक्क सांगायचा तर सोव्हरिन्टी हब उभारावं लागतं, आणि त्यासाठी तुमची कॉर्प (खेळाडूंची कंपनी) एखाद्या अलायन्समध्ये असावी लागते. जून २०२४ च्या इक्विनॉक्स या अपडेटआधी टीसीयू (ताब्याची खूण) आणि आयहब (अपग्रेडचं केंद्र) अशा दोन वेगळ्या वस्तू होत्या. एखाद्या गाइडमध्ये ही नावं दिसली तर ते गाइड जुनं आहे हे ओळखा आणि त्यातले आकडे पुन्हा तपासून घ्या.

सगळ्याचा कणा म्हणजे एडीएम, ॲक्टिव्हिटी डिफेन्स मल्टिप्लायर. तो १ ते ६ यांच्या दरम्यान असतो आणि तीन निर्देशांकांवरून निघतो. सिस्टीममध्ये किती एनपीसी मारले यावर मिलिटरी, किती खनिज काढलं यावर इंडस्ट्रियल आणि सलग किती दिवस ताबा आहे यावर स्ट्रॅटेजिक. तिसरा आपोआप चढतो. पहिले दोन मात्र काम थांबलं की उतरू लागतात. अलायन्सने राजधानी म्हणून निवडलेल्या सिस्टीमला वर आणखी २ मिळतात.

एडीएमचा परिणाम दुहेरी आहे. हबवर हल्ला करता येईल अशी खिडकी रोज उघडते. तिची लांबी म्हणजे १८ तास भागिले एडीएम. ती अलायन्सने निवडलेल्या वेळेभोवती बसते. आणि हब पाडायला लागणारा वेळ म्हणजे १० मिनिटं गुणिले एडीएम. म्हणजे एडीएम १ असेल तर शत्रूला दिवसातले १८ तास मोकळे आणि काम १० मिनिटांचं. एडीएम ४ असेल तर साडेचार तासांची खिडकी आणि ४० मिनिटांचं काम. एडीएम ६ असेल तर तीन तासांची खिडकी, आणि त्यातला पूर्ण एक तास शत्रूला तिथे टिकून राहावं लागतं. रोज रॅटिंग (एनपीसी मारण्याचं काम) करणारे आणि खाण चालवणारे लोक लढाईत कधी दिसत नाहीत, म्हणून त्यांना कमी लेखलं जातं. प्रत्यक्षात सर्वात स्वस्त बचाव तेच करत असतात. खेळातलं घड्याळ यूटीसीवर चालतं आणि सर्व्हर रोज ११:०० ला थोडा वेळ बंद होतो. आपल्या घड्याळात खिडकी किती वाजता उघडते हे एकदा काढून लिहून ठेवा. टायमर (लढाईची ठरलेली वेळ) चुकण्याचं सर्वात साधं कारण वेळेच्या रूपांतरातली चूक असतं.

हल्ल्याचं हत्यार म्हणजे एन्टोसिस लिंक, जहाजावर लावून हबवर रोखायचं उपकरण. टेक १ (साध्या लिंक) चं चक्र पाच मिनिटांचं, पल्ला २५ किमी. टेक २ (सुधारित लिंक) चं चक्र दोन मिनिटांचं, पल्ला २५० किमी. पहिलं चक्र फक्त गरम होण्यात जातं, त्याचा हबवर काही परिणाम होत नाही. त्यामुळे एडीएम १ वर टेक २ ला प्रत्यक्षात बारा मिनिटं धरा आणि टेक १ ला पंधरा. लिंक चालू असताना जहाज वॉर्प करू शकत नाही (दूर झेप घेऊ शकत नाही), डॉक करू शकत नाही आणि त्याला बाहेरून रिमोट दुरुस्तीही मिळत नाही. बटण दाबून ती बंद केली तरी चालू चक्र संपेपर्यंत सुटका नाही. टेक १ घेऊन गेलेला खेळाडू लोकलमध्ये (सिस्टीममधल्या खेळाडूंच्या यादीत) शत्रूची नावं पाहतो, बटण दाबतो आणि पुढची चार मिनिटं मरणाची वाट पाहतो.

नव्यांच्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात. कार्गोत स्ट्रॉन्शियम क्लॅथरेट (लिंकचं इंधन) नसतं आणि लिंक सुरूच होत नाही. लिंकचा पल्ला २५० किमी, पण जहाजाचं लॉक (लक्ष्यावर धरलेला नेम) ७०–८० किमीपर्यंतच पोहोचतं, मग तो पल्ला वायाच. सेन्सर बूस्टर किंवा सिग्नल ॲम्प्लिफायर लावल्याशिवाय दूर उभं राहता येत नाही. लॉक तुटलं की लिंक तुटते आणि गरम होण्याचं चक्र पुन्हा सुरू. कॅपिटल, म्हणजे महाकाय, जहाजावर लिंक लावायचा विचार सोडून द्या, तिथे चक्र पाचपट लांबतं. आणि दहा जणांनी दहा लिंक लावल्या तरी काम दहापट होत नाही. एका बाजूची एक लिंक पुरते, आणि समोरच्यानेही एक लावली की प्रगती जागच्या जागी थांबते. म्हणून लिंकवाला एक, आणि बाकीचे समोरच्या लिंकवाल्याला मारायला.

मित्र अलायन्स मदतीला आली तर तिला लिंक लावू देऊ नका. खेळाच्या दृष्टीने मालक अलायन्स सोडून बाकी सगळे हल्लेखोरच. स्टँडिंग निळं (मित्र अशी नोंद) असलं तरी त्यांची लिंक तुमच्याच हबवर हल्ला करेल. त्यांचं काम गोळीबाराचं.

पहिला हल्ला यशस्वी झाला म्हणजे हब गेलं असं नाही. ते रीइन्फोर्स होतं, म्हणजे काही काळ त्याला हात लावता येत नाही, आणि साधारण दोन दिवसांनी, बचाव करणाऱ्याच्याच खिडकीत, बाहेर येतं. तेव्हा पूर्ण कॉन्स्टेलेशनमध्ये (शेजारच्या सिस्टीमच्या गटात) कमांड नोड, म्हणजे काबीज करायची ठिकाणं, उगवतात आणि ते काबीज करण्याची रस्सीखेच सुरू होते. इथे एकच मोठा फ्लीट घेऊन बसणारा एफसी (फ्लीटचा सेनापती) हरतो. एकाच वेळी चार-पाच सिस्टीममध्ये लहान टोळ्या पाठवाव्या लागतात, आणि महिनाभराच्या खेळाडूलाही इथे खरं काम मिळतं: पुढच्या गेटवर (सिस्टीम जोडणाऱ्या दारावर) स्वस्त फ्रिगेट घेऊन बसणं आणि कोण, कुठल्या जहाजात, कुठल्या दिशेने गेलं हे अचूक सांगणं. डी-स्कॅनचा, म्हणजे जहाजं शोधण्याच्या स्कॅनरचा, पल्ला १४.३ एयू (पृथ्वी-सूर्य अंतराच्या १४.३ पट) आहे. मोठ्या सिस्टीममध्ये गेटवरून सगळं दिसत नाही हे लक्षात ठेवूनच ‘मोकळं आहे’ म्हणा.

इक्विनॉक्सनंतर ताबा मिळवण्याइतकंच सिस्टीम चालवणंही किचकट झालं आहे. हबमधल्या अपग्रेडना पॉवर, वर्कफोर्स (मनुष्यबळ) आणि रीएजंट (कच्चा माल) लागतात. पॉवर त्याच सिस्टीममध्ये वापरावी लागते. वर्कफोर्स दुसऱ्या सिस्टीमकडे वळवता येतो. रीएजंट ग्रहांवरच्या स्कायहुकमधून (माल काढणाऱ्या यंत्रांतून) येतात: लाव्हा ग्रहावरून मॅग्मॅटिक गॅस, बर्फाळ ग्रहावरून सुपरआयोनिक आइस. स्कायहुकमधला साठा चोरता येतो, म्हणून तो वेळच्या वेळी उचलून हबमध्ये टाकणारा माणूस नेमलेला असावा. अपग्रेडचा क्रमही विचार करून लावा, कारण साधनं कमी पडली की यादीत खाली असलेले आधी बंद पडतात.

अशा किरकोळ कामातली चूक किती महाग पडते याचं उदाहरण बी-आर५आरबी ही सिस्टीम. तेव्हा सोव्हसाठी ठरावीक मुदतीने आयएसके (खेळातलं चलन) भरावे लागत. जानेवारी २०१४ मध्ये एक बिल भरलं गेलं नाही, ताबा सुटला आणि २७–२८ तारखेच्या लढाईत ७५ टायटन नष्ट झाले.

शेवटी स्वतःचा माल. ॲस्ट्राहस, फोर्टिझार यांसारखे अपवेल तळ (खेळाडूंनी उभारलेली स्थानकं) सोव्हपासून वेगळे असतात. हब पडलं तरी तळ उभा राहू शकतो. पण इंधन संपलं की तळ लो-पॉवरमध्ये जातो आणि त्याचा एक टायमर कमी होतो. सात दिवस तसाच राहिला की तो बेवारस ठरतो, आणि बेवारस तळ फुटला तर ॲसेट सेफ्टी (आतला माल वाचवण्याची सोय) लागू होत नाही. लागू झालीच, तरी माल त्याच सिस्टीममधल्या दुसऱ्या तळावर हलवायला किमान पाच दिवस आणि किमतीच्या ०.५ टक्के, नाहीतर वीस दिवसांनी लोसेकच्या (थोडी सुरक्षा असलेल्या भागाच्या) स्थानकात १५ टक्के भरून. नलसेकमध्ये राहायला जाताना तेवढीच जहाजं न्या जेवढ्यांवर हे १५ टक्के भरायची तयारी आहे.